वाव

सेमिनरी हिल्सच्या उतारावर आमचं ऑफिस.
मे महिन्यात समुद्र तिथे टेबलावर पसरलेला असतो,
चारी कोपऱ्यांवर मँगनीजचे चार दगड,
नाहीतर कुलरच्या वाऱ्याने उडून जायचा.

मी खोली लिहितो.
तीन पूर्णांक दोन. चार. चार पूर्णांक सहा.
आणि लाल पेन्सिलने, जिथे पाहिजे तिथे, चौदा.
मोठ्या जहाजाला चौदा मीटर पाणी लागतं,
बार्जनं खनिज नेणं परवडत नाही,
असं पांढरीपांडे साहेब सांगतात.
त्यांनी समुद्र पाहिलाय. एकदा, लग्नानंतर.
मी तेवढाही नाही. मी भंडाऱ्याकडचा;
बाप बोडीत जाळं टाकायचा,
पाणी गळ्याला लागलं की थांबायचा.

सुनावणी तिकडे कधीच आटोपली होती,
तरी दोन गाड्या बदलून तो आला.
हिराजी तांडेल, मुक्काम खारवेळ.
‘काहून आले बाप्पा एवढ्या दूर?’ रेवाराम शिपायाने विचारलं
आणि माठातलं पाणी दिलं.
म्हाताऱ्याने दगड उचलले, नकाशा फिरवला,
किनारा वर, समुद्र स्वतःच्या पोटाशी.
‘असं येतो आम्ही घरला.’

मग बोट ठेवलं. हे किती?
चार पूर्णांक सहा मीटर.
‘वावात सांगा.’
मला येईना.
तो उभा राहिला, दोन्ही हात पसरले;
एका हाताची बोटं कुलरला, दुसऱ्याची लोखंडी कपाटाला.
‘ही एक. तिथं अशा अडीच. खाली चिखल, चिखलात तिसऱ्या.’
मी कॅल्क्युलेटर काढला.
जुळलं.
सर्व्हेची भाड्याची बोट, तिचं यंत्र, तीन आठवडे,
आणि हे दोन हात.

‘मग हे चौदा कुठलं?’
ते अजून नाही, म्हटलं. ते करायचंय.
तो बराच वेळ लाल आकड्याकडे बघत राहिला.
‘म्हणजे पाणी नाही,’ म्हणाला,
‘नुसतं लिहिलंय.’

चहा नको म्हणाला. ऊन उतरायच्या आधीच गेला.

संध्याकाळी अहवाल टाइप होऊन आला.
शेवटची ओळ साहेबांची:
भविष्यातील विस्तारास पुरेसा वाव आहे.
शुद्धलेखन तपासायचं काम माझं.
चूक नव्हती.

सगळे गेल्यावर मी टेबलापाशी उभा राहिलो,
हात पसरले.
कुलर लागला.
कपाट चार बोटं लांब राहिलं.