दोनदा वाचायचं

रावेरच्या वजनकाट्यावर माझी रात्रपाळी.
खिडकीबाहेर लोखंडी फळी, फळीवर केळीचा ट्रक,
भिंतीवर लाल आकडे:
अठरा हजार चारशे साठ.
वाचते. नजर काढते. पुन्हा वाचते.
अठरा हजार चारशे साठ.
म्हणजे मी जागी आहे.

हे मला सुभान तडवीनं शिकवलं.
बावीस वर्षं दिल्लीला केळी नेणारा माणूस,
डाव्या हाताची करंगळीशेजारची अर्धीच.
म्हणाला, रात्री स्टिअरिंगवर बोटं मोजायची, बाई.
साडेनऊ भरली तर रस्ता खरा.
दहा भरली की समजायचं, डोळा लागला,
आणि ब्रेक दाबायचा.

आणि घरी, खाटेवर दहा भरली तर?

त्यानं चहा संपवला, कप उपडा ठेवला.
तिथं काय ब्रेक, म्हणाला.
एकदा अंगठी घालून पाहिली.

मग मीही वही घातली. वही कसली,
जुन्या पावत्यांच्या पाठी.
उठल्याबरोबर, तोंडही न धुता, लिहायचं.
पहिले अकरा दिवस कोरे.
बाराव्या दिवशी: एक बकरी, गळ्यात केबिनची चावी.
सोळाव्या दिवशी: शाळेतल्या वाणी बाई, पण पाठमोऱ्या.
उजेडात झोपणाऱ्याला स्वप्नं पातळच पडतात,
त्यात मे महिना, कूलरमधलं पाणी दुपारीच संपलेलं.
झोपेत मी आकडे पुटपुटायची.
आई दारातून म्हणायची,
झोपमा बी हिशोब करस का वं पोरी?

एका रात्री आकडा बदलला.
चारशे साठ. नजर काढली. तीनशे दहा.
काळजात असं काही उसळलं!
खुर्ची मागे सारली, आता खिडकीतूनच निघायचं,
केळीच्या बागांवरून सरळ सातपुड्याकडे.
एक पाय उंबऱ्यावर असताना दिसलं,
फळीच्या कडेला कोणीतरी खुपसलेली वीट,
आणि व्यापाऱ्याचा माणूस, विडी ओढत, भलतीकडे बघत.

आकडा बदलला की स्वप्नच असतं असं नाही.
हे मी पावतीच्या पाठी लिहून ठेवलं.
वीट काढायला लावली. ते वेगळं.

खरं आलं ते जूनच्या तोंडाशी, दुपारी.
तोच ट्रक, तोच आकडा.
नजर काढली, पुन्हा वाचलं, तर तिथे लिहिलेलं: चिंच.
लाल अक्षरांत. चिंच.
मी हसले, आणि हसता हसता जागी झाले,
उशी ओली, पंखा बंद, लाईट गेलेली.

आनंद करायचा नाही, सुभान म्हणाला, आनंदानं झोप फुटते.
हात चोळत राहायचे.

पुढच्या वेळी चोळले.
तळव्यांना केळीचा चीक लागला, त्याचा तो कच्चा वास,
आणि सगळं जागच्या जागी थांबलं.
काहीही करता आलं असतं.
तापीवर चालता आलं असतं.
मी केबिनचं दार उघडलं, चपला काढल्या,
आणि फळीवर जाऊन उभी राहिले.
नऊ वर्षं सगळ्या गावाची केळी तोलते,
इथे कधी पाय नव्हता ठेवला.
लोखंड थंड होतं, मे-जूनमधलं असून.
वर पाहिलं. आकडे खिडकीच्या आत.
आत खुर्ची रिकामी.
वाचायला कोणीच नव्हतं.

काल पहाटे तीनला दोन गाड्यांच्या मधे वेळ होता.
सुभानला म्हटलं, भाऊ, आत बसा जरा.
आणि फळीवर गेले, चपला काढून.
डाव्या हाताशी त्याचं काहीतरी चाललेलं दिसलं,
ओठ हलत होते, मग थांबले.
काय आलं?
पन्नास, तो आतून ओरडला.
मी बावन्न आहे. हा काटा दहाच्या खालचं बोलत नाही,
मला माहीत आहे.

पुन्हा वाचा, म्हटलं.