चौतीस दात

बाणेरच्या दुकानात ती छताला टांगलेली असते,
काळी, बिनचमकीची, पावणेदोन लाखांची.
दुकानातला कौस्तुभ म्हणाला, काकू, बोटाने उचलून बघा.
मी उचलली. करंगळीने.
परत येताना विद्यापीठ चौकात सिग्नलला उभी होते
तरी करंगळी वरच.

घरी माझी निळी. ॲल्युमिनियमची.
कर्वेनगरात, जर्मनीला निघालेल्या एका मुलाकडून
बावीस हजारांना घेतलेली, वर पंप आणि एक बाटली.
डावा ब्रेक जरा हट्टी आहे, तो म्हणाला,
बाकी तक्रार नाही.
सात वर्षं झाली. त्याचं म्हणणं खरं होतं.

खडकवासला किती वेळा, मोजलं नाही.
बोपदेव मोजला. एकशे बारा.
एकशे बाराही वेळा, शेवटून दुसऱ्या वळणावर,
मी स्वतःला विचारलंय, कशासाठी गं?

हल्ली तिथेच चेन उडते.
उभं राहून जोर दिला की खट्ट,
अंधारात जिन्याची एक पायरी कमी निघावी
तसा पाय खाली जातो.
मीनाक्षी, जिने दिवाळीत नवी घेतली,
पुढे जाऊन थांबते, बाटलीचं झाकण उघडते.
तिला दम लागलेला नसतो.
लागल्यासारखं करते, माझ्यासाठी.
त्याचाच जास्त राग येतो.

टेलिफोन खात्यात एकतीस वर्षं हिशेबच केला,
म्हणून हाही केला, दूधवाल्याच्या बिलामागे:
नवी सायकल दोन किलो सातशे ग्रॅमने हलकी.
म्हणजे दहा ग्रॅमला सहाशे अठ्ठेचाळीस रुपये.
सराफाकडे असलेल्या वजनाचे पैसे मोजतात,
इथे नसलेल्या.
आणि माझ्या कमरेभोवतीचे चार किलो?
त्यांचा भाव कौस्तुभने सांगितला नाही. चांगला मुलगा आहे.

यजमान म्हणाले, घे की, पैसे तुझे आहेत.
आमच्या घरात हा सल्ला नसतो,
नोंद असते.

शेवटी नाना पेठेत, तांबोळींकडे.
त्यांनी चेनवर पट्टी धरली, मागचं चाक उलटं फिरवलं,
नखाने एकेक दात चाचपला.
चेन ताणलीय. दात झिजलेत. फ्रेमला काय धाड भरलीय?
मग घाटात मी का मरते, मी विचारलं.
त्यांनी सायकलकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं,
समोरच्या चहावाल्याला दोन बोटं दाखवली.
तुमची सगळ्यात मोठी चक्री अठ्ठावीस दातांची.
हे तरण्या पोरांचं काम, ताई.
चौतीस लावू. बसून चढाल.

चौतीस!
परवाच माझी खालची दाढ काढली.
राहिले सत्तावीस, त्यातला एक बसवलेला.
चेन, चक्री, लांब हाताचा डिरेलर, मजुरी धरून
सहा हजार चारशे.
दाढेला याहून जास्त पडले होते.

रविवारी बोपदेव. एकशे तेरा.
घाट तेवढाच होता, सहा हजार चारशेने बुटका झाला नव्हता.
पण चेन उडली नाही. मी उठले नाही.
पाय भराभर फिरत होते आणि सायकल
वरणाला उकळी येते त्या वेगाने पुढे सरकत होती,
इतकी हळू की कठड्यावरच्या कोतवालाने
उडायचे कष्ट घेतले नाहीत.
शेवटून दुसरं वळण गेलं
तेव्हा मी काही विचारायचंच विसरले.
वर पोचल्यावर लक्षात आलं.

मीनाक्षी बाटली उघडून उभी होती, नेहमीसारखी.
मग, नवीचं कॅन्सल ना?
हो म्हटलं.
करंगळीला अजून विचारलेलं नाही.

खाली सासवडचा रस्ता, उन्हात पसरलेला.
ती निघाली. मी निघाले.
पहिल्याच उतारावर डावा ब्रेक अडला.
तांबोळींना तेवढं सांगायचं राहूनच गेलं होतं.