खात्री

रुंदी चारशे ऐंशी पिक्सेल. कोपरे किंचित गोल.
मागचा पडदा साठ टक्के काळा.
एस्केप दाबलं तर ती बंद व्हावी की नाही
यावर औलूतल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावर
अख्खा मंगळवार गेला.
संवादचौकट म्हणतात हिला.
संवाद कसला!
ती विचारते,
आपण हो म्हणायचं, नाहीतर नको.

युर्की म्हणाला, चौकटी वाढव.
गोळी देण्याआधी एक, दिल्यावर एक,
उद्या काही झालंच तर
विचारलं होतं म्हणता येईल.
मी वाढवल्या. अवघड काहीच नसतं,
सेटिंगमध्ये एका नकोचं हो करायचं
आणि जेवायला जायचं.

मग जानेवारीत मला वॉर्डात धाडलं, रात्रपाळी बघायला.
नदी गोठलेली. बाहेर उणे सव्वीस.
नर्स तुओवी, पायात जाड लोकरी मोजे,
चौकट धड उमटायच्या आत
हो म्हणून मोकळी.
वाचायचीच नाही. हो कुठे असतं
ते तिच्या बोटाला पाठ होतं,
अंधारात हाताला दिव्याचं बटण सापडावं तसं.
मी वहीत रेघा ओढत गेलो.
पहाटे तीनपर्यंत एकशे बारा.
सगळे प्रश्न माझ्याच हातचे.

तीननंतर कधीतरी सात नंबरातले आल्पो गेले.
तरुणपणी ओंडके सोडायचे म्हणे याच नदीत.
तिने त्यांच्या चष्म्याच्या काड्या मिटल्या,
केस विंचरले, भांग मात्र चुकीच्या बाजूला पडला,
तो पुन्हा पाडला.
मग येऊन यादी उघडली, नावावर बोट ठेवलं.

या व्यक्तीला यादीतून काढायचं?
हे नंतर मागे घेता येणार नाही.

(दुसरी ओळ मी एका शुक्रवारी
बस चुकू नये म्हणून घाईत लिहिली होती.)

ती थांबली.
ओठ हलवत वाचलं.
उठली, सात नंबरात गेली,
खिडकीची कडी जोर लावून फिरवली
आणि वीतभर फट ठेवली.
थंडी सरळ माझ्या घोट्यापर्यंत आली.
“जायला वाट लागते,” एवढंच म्हणाली,
आणि उभी राहिली तिथेच, हात काखेत धरून.

इकडे माझी चौकट नव्वद सेकंद थांबली
आणि ठरल्याप्रमाणे मिटली.
तुओवी परतली तेव्हा
यादीत आल्पो जिवंत होते.
तिने माझ्याकडे बघितलं नाही.
पुन्हा पहिल्यापासून सगळं केलं.

सोमवारी मी चौकटी उडवल्या. उरल्या चार.
त्या एकीला मुदतच ठेवली नाही,
सेकंदांच्या रकान्यात शून्य,
म्हणजे थांब, हवं तितकं.
बदलाचं कारण लिहा, असं खाली होतं.
लिहिलं: खिडकी उघडायला वेळ लागतो.

युर्कीने वाचलं, मान डोलावली.
म्हणाला, तरी मी सांगत होतो,
सर्व्हर जुना झालाय.