भंगाराचा भाव

बस, खमीस. पट्ट्याच्या सावलीला बस.
अबेशेहून एवढी वाट तुडवत आलास,
आधी तीन पेले चहा, मग भाव.

हा एक रणगाडा. तो पलीकडे दुसरा.
टेकाडामागे अकरा आहेत, निम्मे गाडलेले,
नळ्या तेवढ्या वर.
माझ्या बकऱ्या व्यायला तिथेच जातात.

ते उत्तरेकडून आले तेव्हा
आईनं रांजणातल्या पाण्यावर थरथर पाहिली
आणि म्हणाली, जड आहे रे यांचं येणं.
आम्ही घाबरलो. सांगायला लाज कसली?
माझ्याकडे पान्ह्यांची पिशवी,
भावाकडे एक टोयोटा,
ज्यातून कोरेई खजूर आणि खार न्यायचा.
टप करवतीनं कापलं.
काच काढली, उन्हात चमकते म्हणून.
कुशीला पखाल बांधली. झालं सैन्य.

त्यांनी आधी धावपट्टी घातली, मग तारा,
मग मैदानभर सुरुंग पेरले
आणि त्या पेरणीच्या मधोमध
स्वतःच अडकून राहिले.
त्यांच्या नकाशात वाळू जागच्या जागी होती.
इथली वाळू मैद्यासारखी,
इंजिनाच्या घशात बसते, उठत नाही.
पाणी दर तिसऱ्या दिवशी विमानानं यायचं.
मग पाचव्या.
मग एकदा विमान आलं, पाणी नव्हतं,
भाषणाच्या कॅसेटी होत्या.
शेवटच्या विमानात त्यांचा साहेब चढला.
सोबत त्याचा फ्रीज.

आम्ही पहाटे निघालो.
कोरेई म्हणाला, पाय उचललास तर मेलास,
सुरुंगाला जाग येईपर्यंत
आपण पुढे गेलेलो असतो.
खरं होतं ते.
बहुतेकदा.
तो ‘बहुतेकदा’ माझ्या घरात खाटेवर असतो,
पाणी मागून पितो,
कधी कधी नसलेला पाय खाजवायला सांगतो.

रणगाड्यानं मान वळवेपर्यंत
आम्ही त्याच्या पाठीशी.
पुन्हा मान. पुन्हा आम्ही पाठीशी.
दुपारी धूर खाली बसला तेव्हा
त्यांचे बूट दिसले, रांगेनं नाही, कसेही,
अनवाणी पळायला सोपं असं
कुणीतरी त्यांना सांगितलं असावं.
या वाळूत? दुपारी?
ते फार लांब गेले नाहीत.

याच्या आत मात्र एकजण होता.
झाकण वाळूनं धरलेलं, आतून ठोकत होता.
मी पहारीनं बिजागरी तोडली.
पोरगंच. ओठ फुटलेले.
पहिलं विचारलं, हे गाव कोणतं?
दुसरं विचारलं, देश कोणता?
त्याला सराव म्हणून आणलं होतं.
नाव मिफ्ताह. म्हणजे किल्ली, तुला माहीत आहेच,
आणि आतून दार उघडता येत नव्हतं त्याला.
मी हसलो. मग तोही, रक्त येईपर्यंत.
बापाची भट्टी होती म्हणे समुद्राकाठी,
पावाचं पीठ हातानं तोलायचा.
मी विचारलं, आणि हे धूड केवढ्याचं?
छत्तीस टन, म्हणाला, लगेच,
शाळेतल्यासारखा ताठ उभा राहून.
शिकवलेलं तेवढंच पाठ होतं.
पुढे त्याला कैद्यांच्या ट्रकात चढवलं.
घरी पोचला की नाही, कुणाला विचारू?

तर वजन करू नकोस, खमीस.
वजन मला माहीत आहे.
यातून झाकण वजा कर,
ते कोंबड्यांच्या खुराड्याला लावलंय.
तांब्याच्या तारा गेल्या, कधीच्या.
बाकी सगळं आहे.
तू म्हणतोस तो भाव फार कमी आहे
आणि तुलाही ते माहीत आहे.
घे, तिसरा पेला घे.

आणि ट्रक आणशील तेव्हा
माझ्याच चाकोरीवरून आण.
ती डावीकडची सपाट जागा दिसते ना, सुंदर,
तिकडून वळवू नकोस.
तिथलं पीक अजून काढलेलं नाही.