मातशें दावें

शुक्रवारी रात्री साडेनवाला
दिवाडीला, आवेलीन तारवटीच्या तावेर्नात
भीती यायची. इंग्रजीतून.

आधी एक रिकामी खुर्ची, मग तिच्यात बसलेला माणूस,
काळा कोट, हातात विझलेली मेणबत्ती.
तो काहीतरी पुटपुटायचा, आणि आवेलीन
(बावीस वर्षं बोटीवर, इंग्रजी त्यालाच येणार)
उर्राकाचा ग्लास खाली ठेवून सांगायचा:
"म्हणतो, या, बसा. म्हणतो, दार लावू नका,
जे बाहेर होतं ते आत आलेलंच आहे."

हे मी ऐकलेलं. पाहिलेलं नाही.
मी नऊ वर्षांचा, अंगाने हलका, म्हणून कौलांवर,
अँटेनाचा दांडा पणजीच्या दिशेने धरून.
खालून हाक यायची, "गुणो, मातशें दावें!"
मी जरा वळलो की पडद्यावरच्या मुंग्या पांगायच्या
आणि कोणीतरी मरायचं.

एका कौलाच्या जागी काच होती.
तिच्यातून दिसायची फक्त टाळकी, निळी पडलेली:
सगुण पागी, फेरीवरचा कामील,
टोपी न काढणारे शणै मास्तर,
आणि चणे विकायला येऊन विकायचं विसरलेली फिलू.

दर आठवड्याला नवं घर, नवं मरण.
गेल्या शुक्रवारच्या मेलेल्याची कोणी चौकशी करत नसे.
एक शिंपी, गिऱ्हाइकाच्या सावलीचं माप घेणारा.
एक विधवा, जिच्या टेबलावर रोज एक ताट जास्त.
ताटात बांगडा होता, आवेलीन म्हणाला.
विलायतेत बांगडा कुठला, हे सगुणनेही विचारलं नाही.

परत जायचो खाजनाच्या बांधावरून, एका रांगेत.
देवचाराचं भय नव्हतं. तो आपला,
घोंगडी-काठीवाला, चुकल्याला घरी पोचवणारा.
भय त्या कोटवाल्याचं.
त्याला आमच्या वाटा ठाऊक नव्हत्या.

मग तो शुक्रवार.
दीपस्तंभावर एकटा रखवालदार. तारेने निरोप येतो,
तुझ्या बदलीचा माणूस निघालाय.
तीन दिवस एकही होडी सुटलेली नाही.
जिन्यावर पावलं.

आणि वीज गेली. अख्ख्या बेटाची.
काचेतली टाळकी विझली.
आवेलीन थांबला नाही.
"म्हणतो, बदली मीच. म्हणतो, दिवा आता माझ्याकडे दे.
म्हणतो, तू खाली उतर, पाण्यावर चालता येतं,
आम्ही सगळे तसेच आलो."
कोणी काडी ओढली नाही.
मी दांडा सोडला नाही. का, विचारू नका.
त्यात काहीतरी येत होतं.

आवेलीन त्या साली पुरुमेताच्या आत गेला.
तावेर्नात आता पर्यटक उतरतात, भिंती पिवळ्या.

परवा मुलाने ती मालिका फोनवर शोधून दिली.
सगळे भाग पाहिले, सलग, चष्मा पुसत.
शिंप्याने सावली मोजलीच नव्हती,
भागीदाराला मारलं होतं, पैशासाठी.
जास्तीचं ताट नाही. बांगडा तर नाहीच.
कोटवाला म्हणतो, नमस्कार मंडळी, आणि
आजच्या कथेचं नाव. बस्स.
भुताच्या हाताला दोरा दिसतो.
मी हसलो. चाळीस वर्षं मी घाबरत आलो
एका तारवटीच्या थापांना.

मग दीपस्तंभ लागला.
निरोप. होडी नाही. जिन्यावर पावलं.
इथे वीज गेली होती, मी मनात म्हटलं,
आणि या वेळी गेली नाही.

बदली मीच, तो म्हणाला.
दिवा आता माझ्याकडे दे.
खाली उतर, पाण्यावर
शब्दाला शब्द. आवेलीनचीच धाप मध्ये.

फोन उलटा ठेवला.
बाहेर नार्व्याची फेरी भोंगा न वाजवता सुटली.
उठावं म्हटलं, जमेना.
माझा उजवा हात कधीचा वर गेला होता,
पणजीच्या दिशेने,
जरासा दावें.