दुसरी सर्व्हिस

मे महिना, रामनगरचं कोर्ट,
नऊ वाजताच बेसलाइनवर बूट चिकटायचे.
पेशने सर पाण्याच्या टाकीच्या सावलीत,
डोक्याला ओला दुपट्टा, मांडीवर चौकोनी वही.
मी मारायचे, ते लिहायचे:
चेंडू कुठे पडला, वजन कोणत्या पायावर होतं,
मारण्याआधी श्वास घेतला की नाही.
"विनर नाही मोजत मी. ते तुले पाठच असतात.
जे फुकटात देऊन राह्यली, ते मोजतो."

आता माझ्या टेबलावर दोन स्क्रीन आहेत.
इतवारीतलं हेडाऊंचं सुती साड्यांचं दुकान,
गोकुळपेठेतला दातांचा डॉक्टर,
आणि संत्रा बर्फीवाले दोघे भाऊ, जे एकमेकांशी बोलत नाहीत,
मला मात्र वेगवेगळे फोन करून विचारतात
त्याच्या जाहिरातीला किती लाइक.

सगळ्यांना एस हवा आहे.
एक रील, एक रात्र,
सकाळी अख्खं नागपूर दारात.
मी मान डोलावते. मलाही तेच हवं होतं,
अकोल्याची फायनल, तिसरा सेट, टायब्रेक, सहा-सात,
पहिली सर्व्हिस बाहेर गेलेली
आणि दुसरीही मी पहिलीसारखीच मारली.
चेंडू जाळ्याच्या पट्टीला लागला
आणि घरंगळत माझ्याच पायाशी आला,
पाळलेल्या मांजरासारखा.

परतीच्या पॅसेंजरमध्ये सर बडनेऱ्यापर्यंत गप्प.
मग शेंगदाण्याची पुडी पुढे केली.
"दुसरी सर्व्हिस झोपेतही आत पडली पाहिजे, पोरी.
तू तर चांगली जागी होती."

म्हणून हेडाऊंना सांगते:
दर मंगळवारी एक साडी, काठ जवळून, भाव ठळक.
रंग जातो का, असं कुणी विचारलं
तर दिवे लागायच्या आत उत्तर.
ते म्हणतात, यात काय मजा आहे, मॅडम?
मजा नाही. रॅली आहे.

हे एवढं शहाणपण असूनही
गेल्या एप्रिलात सरांच्या शिबिराची जाहिरात केली,
त्यांना न विचारता, गुरुदक्षिणा म्हणून.
स्लो मोशनमध्ये चेंडू, मागे तबला, वर सूर्य.
एकेचाळीस हजार जणांनी पाहिली.
सरांना फोन आला एक, तोही इंदूरहून,
रॅकेटची तार कुठे मिळते विचारायला.
"एकेचाळीस हजार? कोण आहेत वो हे?"
मला एकाचंही नाव माहीत नव्हतं.

रात्री कूलरसमोर आकडे उघडले.
पुणे, सुरत, दुबई.
चेंडू रेषेबाहेर नव्हते पडले,
कुंपण ओलांडून, रस्ता ओलांडून
पार पलीकडच्या नाल्यात पडले होते.

मग चुना घेऊन कोर्ट आखावं तसं आखलं:
रामनगर, हिलटॉप, पांढराबोडी, बस्स.
वेळ पहाटे पावणेसहा,
दूध वर येईपर्यंत फोन हातात असतो ती.
फोटोत सर, दुपट्टा, वही.
खाली फी, आणि एक ओळ:
रॅकेट नसेल तरी या.
नऊशे जणांनी पाहिलं. सात मुलं आली.

बघायला गेले, ऑफिसच्या चपलांतच.
अल्फिया, मनस्वी खोब्रागडे, चष्म्याला नाडी बांधलेला रेवांश,
पांढराबोडीचे दोन मावसभाऊ, एका रॅकेटवर भांडणारे,
एक रडणारी, जिचं नाव रडण्यात कळलं नाही,
आणि एक जण, रॅकेट बॅटसारखी धरून.
त्याचा चेंडू माझ्याकडे आला.
मी उचलला, श्वास घेतला,
हळूच, खालच्या हाताने, त्याच्या पुढ्यात टाकला.
त्याने तो थेट रस्त्यावर भिरकावला.

टाकीखाली सर मान घालून काहीतरी लिहीत होते.
त्याच्या पानावर की माझ्या,
तेवढ्या अंतरावरून दिसलं नाही.