झीज की नुकसान

घर पाहावं बांधून, म्हणतात.
मी भाड्यानं देऊन पाहिलं.
डुलुथमध्ये, सरोवराकडे उतरणाऱ्या गल्लीत,
खाली मी, वर भाडेकरू,
मधे एक जिना, आणि दोघांत मिळून एकच बॉयलर.

आज वरचा मजला रिकामा झाला.
हातात छापील फॉर्म. रकाने दोनच:
झीज. नुकसान.
झीज माझ्या खिशातून जाते,
नुकसान तिच्या अनामतीतून.
सत्तावीस वर्षं हे फॉर्म भरतोय,
अजूनही पेन हवेत थांबतं.

गालिच्यावर पलंगाच्या पायांचे चार खळगे.
झीज.
ओट्यावर गरम भांड्याचा काळा गोल.
नुकसान. (ओटा माझ्या लग्नाच्या वर्षीचा. बरं, झीज.)
खिडकीची फाटलेली जाळी.
नुकसान; पण ती फाटली मार्चमधल्या वादळात,
आणि तिनं मला तीनदा फोन केला होता.
मी म्हटलं होतं, बघतो.
‘बघतो’ कोणत्या रकान्यात लिहायचं?

मग नहाणीघर.
टाइल्समध्ये चार भोकं,
आणि त्यांत घट्ट बसवलेला स्टीलचा दांडा,
टबात उतरताना धरायला.
मला न विचारता.
करारात स्वच्छ लिहिलंय, कलम अकरा:
भिंतीला भोक पाडायचं नाही.
ते कलम मीच घातलं, ज्या वर्षी एका पोरानं
बैठकीत हरणांची सात शिंगं टांगली.

डारला लाप्रेरी. हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात रात्रपाळी.
भाडं पाच तारखेला, कधी नऊ.
नऊला आलं की पाकिटात चिठ्ठी: उरलेलं शुक्रवारी.
शुक्रवारी यायचं.
तिची आई राहायला आली तेव्हा
मी रात्रभर हिशेब मांडत बसलो होतो.
माणूस वाढलं तर भाडं वाढवायचं का?
पाण्याचे वेगळे मागायचे का?
आणि म्हातारी घसरली तर भरपाई कोणी द्यायची?
शेवटचं मी विमावाल्यालाच विचारलं.
तो म्हणाला, कांगस, दीडशे डॉलरचा दांडा बसवून घे.
मी म्हटलं, बघतो.

माझा मेहुणा रॉजर म्हणतो, विकून मोकळा हो.
छप्पर आठ हजार खाणार, कर वाढतोच आहे,
शेजारच्या गल्लीत साडेतेराशे घेतात
आणि तू अजून नऊशेवर!
हिशेब त्याचा बरोबर आहे.
पण ‘भाडं वाढवतोय’ हे तोंडावर सांगायला
तो कधी जिना चढलेला नाही.
सोळा पायऱ्या आहेत.
खालून निघताना आकडा तेराशे असतो,
दारापाशी पोचेपर्यंत साडेनऊशे,
आणि दार उघडल्यावर मी बॉयलरचं काहीतरी विचारतो.

म्हातारी एप्रिलमध्ये गेली. अंथरुणात, झोपेत.
टबात नाही.
डारला आता बहिणीकडे, क्लोकेटला.
किल्ल्या देताना म्हणाली, भोकं बुजवायची राहिली.
मी काहीच बोललो नाही,
माझ्या तोंडात कलम अकरा होतं.

बेसिनखाली गळती आहे का पाहायला उकिडवा बसलो.
गळती नव्हती.
उठताना मात्र गुडघा अडला,
आणि हात आपसूक वर गेला, दांड्याला.
त्यानं माझं सगळं वजन घेतलं. एकोणनव्वद किलो.
कुरकुरला नाही.
बसवणारीनं प्रत्येक भोकात गट्टू ठोकला होता,
कडेनं सिलिकॉन फिरवून बोटानं पुसून घेतलं होतं.
मी पैसे मोजून बोलावलेला माणूस
इतकं नीट करून गेला नसता.

तिथेच उभं राहून
फॉर्मच्या समासात लिहिलं:
दांडा, एक. मजबूत.
तिचे दीडशे द्यायचे.
अनामत पूर्ण परत. मुदत तीन आठवड्यांची,
मी चेक आजच फाडला.
रॉजरला सांगणार नाही.

नव्या भाडेकरूला काय सांगायचं, ते अजून ठरलं नाही.
तेराशे म्हणायचं की अकराशे.
कुत्रा चालेल की नाही.
उतरताना सहाव्या पायरीशी कठडा हलला.
हे ती दर हिवाळ्यात सांगायची.
पाना कुठे ठेवलाय, आठवत नाहीये.